माझा पायगुण आणि बूटवाले

मी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. तरीसुद्धा पन्नासच्या दशकात, पिंपरीला कारखाने यायला नुकते लागले होते तेव्हा, बाटल्यांच्या कारखान्यातली चांगली कमावती, मिशीवाली माणसं माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या भरवशावर अख्खा हंगाम काढायला निघाली होती. सुनांना ही गोष्ट सांगितली की त्या एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. अंगठा माझा होता.

आमचे हे त्या कारखान्यात भट्टीवर होते. सासर मूळचं साताऱ्याकडचं. कारखान्यामागच्या पत्र्याच्या चाळीत दोन खोल्या, त्यात हे, सासूबाई आणि मी. माझं माहेर चाकणच्या पुढं, लहानशा गावात. वडिलांची थोडी जमीन, कांद्याचे चार वाफे, एक बैलजोडी, दुभत्याच्या नावाला एक शेळी आणि भर उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा बोलायचे कमी आणि बोलले की समोरचा गप्प व्हायचा.

कारखान्याची फुटबॉलची टीम होती. पुण्याच्या लीगमध्ये सगळ्यांत खालच्या वर्गात खेळायची, अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून. लोक त्यांना बाटल्या म्हणायचे, कारण त्या कुणीही येऊन फोडायचं. खेळणारे अकरा आणि ओरडणारे चाळीस. आमचे हे ओरडणाऱ्यांत. ह्या ओरडणाऱ्यांचाही एक सेक्रेटरी होता, बॉयलरवर काम करणारा रत्नागिरीकडचा माणूस. त्याला कुणी निवडलेलं नव्हतं, पण शिट्टी त्याच्याकडे होती.

आमच्या लग्नाच्या दिवशीच टीमचा सामना होता. पावसामुळं राहत राहत मार्गशीर्षापर्यंत ढकललेला, त्या हंगामातला शेवटचा. आधीचे सगळे सामने हरून झाले होते. हाही हरला तर लीगमधून नावच जाणार होतं. ह्यांनी लग्नाची तारीख बदलून मागितली होती म्हणे, पण अण्णांनी दाद दिली नाही. मग हे बोहल्यावर उभे राहिले, पण जीव सगळा पुण्याच्या मैदानावर. आमच्यामध्ये अंतरपाट धरलेला असताना पलीकडून ‘किती वाजले हो?’ असं कुणाला तरी विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

वरात कारखान्याच्या ट्रकमधून पिंपरीला आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. नव्या नवरीनं ते लवंडायचं असतं ते हलकेच, अंगठा नुसता लावून. मी दिवसभराची उपाशी, ट्रकमध्ये अंग आंबून गेलेलं. अंगठा लावायला आणि पाचचा भोंगा व्हायला एकच गाठ पडली. मी अशी दचकले की मापाला लाथच बसली. तांदूळ उडाले ते थेट देव्हाऱ्यापर्यंत, आणि माप जाऊन लागलं सासूबाईंच्या मावशीच्या गुडघ्याला. बायकांनी तोंडाला पदर लावला. सासूबाईंचा चेहरा उतरला.

तासाभरानं सायकलींचा तांडा आला. टीम जिंकली होती! एका गोलानं का होईना, जिंकली होती. सेक्रेटरीनं दारातूनच मनगट पुढं केलं. सासऱ्यानं दिलेलं घड्याळ होतं ते. जरा पुढं पळायचं, पण त्याचा त्याला फार अभिमान. म्हणाला, ‘गोल पाचाला झाला. बरोब्बर पाचाला. मी काटा बघितला.’ आत बायका तांदूळ गोळा करत होत्या. काय झालं, कसं झालं याची चौकशी झाली. मावशींचा गुडघा लोकांनी येऊन येऊन पाहिला. आणि रात्र व्हायच्या आत साऱ्या चाळीत झालं की गोल मैदानावर कुणी मारला ते गौण आहे, मुळात तो ह्या उंबऱ्यावरून मारलेला आहे.

त्या दिवसापासून माझं बरं चाललं. खोटं कशाला बोलू? माझी भाकरी करपायची, कुणी हूं की चूं करायचं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘पायगुणाची हाय. हाताचं काय, शिकंल हळूहळू.’ पायानं मिळवलेला मान मी पुरेपूर उपभोगला.

ज्येष्ठ सरता सरता नव्या हंगामाच्या सामन्यांचा तक्ता आला. टाइप केलेला एकच कागद. तो कारखान्याच्या फळ्यावर लागायच्या आधी आमच्या घरी आला. सेक्रेटरीनं तो पाटावर ठेवला, सासूबाईंनी वर हळदकुंकू वाहिलं. खोलीत मावतील तेवढे आत बसले, बाकीचे खिडकीतून माना घालून उभे. तारखा वाचायच्या सेक्रेटरीनं आणि त्या दिवशी तिथी कोणती ते पंचांगातून सांगायचं एका टर्नरनं. हा टर्नर लातूरकडचा, फार सावकाश बोलायचा.

‘पहिला सामना, गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी,’ सेक्रेटरी म्हणाला.

‘हरलो,’ कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

‘दुसरा...’

‘त्या दिवशी अमावास्या दिसायली बगा,’ टर्नर म्हणाला.

‘हरलो.’

असं करत करत निम्मा तक्ता वाचून होईपर्यंत टीम लीगच्या तळाला जाऊन बसली होती आणि चहाला कुणी तोंड लावेना. एका खिडकीतल्या माणसानं विचारलं की मधेच एखादा अधिक महिना घातला तर अमावास्या पुढं सरकेल का. टर्नरनं बराच विचार केला आणि म्हणाला, ‘सरकंल की. पण त्ये आपल्या हातात नाही.’ दुसरा एक जण लीगवर इतका तापला की उठून तरातरा निघून गेला. लीगचं ऑफिस पुण्यात कुठं आहे ते ठाऊक नसल्यामुळं थोड्या वेळानं परत येऊन बसला.

मग सेक्रेटरीनं शिट्टी फुंकली. माझ्या घरात, देव्हाऱ्यासमोर! तो म्हणाला की रडून काही व्हायचं नाही, उपाय करायला हवा. मागचा गोल झाला त्या घडीला जो जे करत होता, ते त्यानं यंदा दर सामन्यात करायचं. सगळ्यांना पटलं. एक जण तेव्हा शेंगदाणेवाल्याशी भांडत होता, त्यानं दर सामन्याला भांडायचं ठरलं, आणि शेंगदाणेवाल्याची तशी संमती घेण्यात आली. एक बिचारा त्या वेळी पाठ फिरवून पायजम्याची नाडी बांधत होता. सगळ्यांत जिवाचा चाहता तोच. त्यानं हंगामभर मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं कबूल केलं. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि आमच्या सासूबाईंचेही.

आमच्या ह्यांचं काय करायचं यावर मात्र वाद झाला. गोल झाला तेव्हा हे लग्न करत होते. आता दर सामन्याला... असं कुणीतरी म्हणालं मात्र, सासूबाईंनी असे डोळे वटारले की तो विषय तिथंच मिटला. शेवटी ह्यांनी मुंडावळ्या बांधून मैदानावर जायचं ठरलं. आणि हे गेलेसुद्धा. पुण्यात लोक ह्यांना ‘नवरदेव, बायको कुठाय?’ म्हणून विचारायचे.

बायकोनं घरी थांबायचं होतं. पाचचा भोंगा झाला की उंबऱ्यावरचं माप लाथाडायचं. तांदूळ काय झाडाला लागतात का, असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा प्रत्येकानं मूठमूठ आणून द्यायचं ठरलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, आणि सांगायला हरकत नाही, मला गंमत वाटत होती. टर्नर पुढची तिथी वाचेपर्यंत.

‘हा लष्करी डेपोशी,’ सेक्रेटरी म्हणाला. डेपोची टीम देहूरोडकडची, बूट घालून खेळणारी. त्यांना नुसतं बूटवाले म्हणायचे. त्यांचं नाव निघालं की आमची अनवाणी माणसं पाय पोटाशी घ्यायची.

टर्नरनं बोट फिरवलं. ‘श्रावण शुद्ध पंचमी. नागपंचमी बगा.’

‘आता ह्या सामन्याला वहिनी घरात पाहिजेतच,’ सेक्रेटरी म्हणाला. ‘बाकी कुठला चुकला तर चालेल.’

पंचमीला मी माहेरी जायची होते.

माझी थोरली बहीण खानदेशात दिलेली. इतकी लांब की माहेरी यायचं तिचं वर्षानुवर्षं जमायचं नाही. माझ्या लग्नालाही ती नव्हती, बाळंतीण होती. आईच्या मागं शेतातली कामं, म्हणून मला कडेवर घेऊन वाढवलं ते तिनं. माझे दात तिनं घासले, माझ्या उवा तिनं काढल्या, मला मारलं तेही तिनंच. ह्या पंचमीला तिच्या घरच्यांनी एकदाचं होय म्हटलं होतं. सण झाला की लगेच परत. आखाडात नव्या नवरीला माहेरी नेतात, पण पेरणीची घाई होती, म्हणून अण्णांनी निरोप धाडला होता की दोघी बहिणी पंचमीलाच या. तेव्हापासून मी एकेक दिवस ढकलत होते. मला ताईला बघायचं होतं. दुसरं काही म्हणजे काहीही नको होतं.

मी ह्यांना म्हटलं, ‘ताई येणार आहे. मला जायचंय.’

‘ताई काय पुढच्या वर्षी नसेल का?’

‘बूटवाले तरी पुढच्या वर्षी कुठं जाणार आहेत?’

‘ते असतील गं,’ हे कळवळून म्हणाले. ‘आपण असू का?’

ह्या माणसाशी काय बोलायचं! मी भांडी आपटली, एक वेळ जेवले नाही. सासूबाईंनी माझी समजूत काढली की बाईच्या जातीला एवढा मान मिळत नाही, तो असा लाथाडू नये. मला तर लाथाडण्याचाच मान मिळाला होता. भावाच्या नावानं धरायचा पंचमीच्या आदल्या दिवसाचा उपास मी धरला. भाऊ मला नव्हता. मला न्यायला यायचे ते अण्णाच.

अण्णा त्याच दिवशी दुपारी बैलगाडी घेऊन आले. गाडीत बसायला आईनं गोधडी घातली होती. बैल सोडले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, ‘चल, आवर.’ तेवढ्यात कुणीतरी वर्दी दिली असणार. पाहता पाहता चाळीतली माणसं जमली. पहिल्या पाळीतून सुटलेले आंघोळही न करता आले. अण्णांना घोंगडीवर बसवलं, चहा दिला, आणि सेक्रेटरीनं तक्ता त्यांच्यापुढं ठेवला.

अण्णांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. ‘ह्यो कुनी धाडला?’

‘लीगनं.’

‘लीग म्हंजी कोन? मामलेदार?’

‘मामलेदार नव्हे, पण तसंच समजा.’

‘मंग त्येला पंचिम कवा असती त्ये ठावं न्हाई व्हय?’

मग सेक्रेटरीनं गोडीगुलाबीनं घेतलं. मुलीला सणाचं काही कमी पडणार नाही, म्हणाला. झोका इथंच कारखान्याच्या फाटकापाशी लिंबाला बांधू, वॉचमनला झोके द्यायला सांगू. वारूळ म्हणाल तर भट्टीच्या मागं आहे. आणि बहिणीचंच असेल तर बहिणीला इकडे आणू, लागेल तर कारखान्याचा ट्रक मागू. अण्णा ऐकून घेत होते. तंबाखू मळत होते.

‘पायगुन म्हंजी पायाचाच ना?’ टर्नर सावकाश म्हणाला. ‘मी काय म्हनायलो, वहिनींच्या चपला इथं ठिवल्या तर?’

‘चपला लग्नात नव्हत्या,’ सेक्रेटरी म्हणाला. ‘जोडवी होती. जोडवी ठेवून जाऊ दे.’

सासूबाई ताडकन उठल्या. सवाष्णीच्या पायातली जोडवी काढायला सांगणाऱ्याला त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पण मला सोडायचं मात्र त्याही म्हणाल्या नाहीत. हे मान खाली घालून बसले होते. मी दाराआड गाठोडं उराशी धरून उभी. मला कळून चुकलं की ताई येईल, माझी वाट बघेल आणि जाईल.

अण्णांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. हात झाडले. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘एक इचारू का? हिचा पायगुन चांगला, आसं तुमाला कुनी सांगितलं?’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

‘आता हाय ते हाय. लपवून काय करायचं? ही जल्मली त्या दिशी आमची म्हस मेली. गाभन म्हस. चांगली रवंथ करत बसली व्हती. आत हिचं रडनं ऐकलं आन् मान टाकली.’

अण्णा तक्त्याकडे बघून बोलत होते.

‘बारशाला पाळना टांगला, तर आढं खाली आलं. शाळंत घातली, तर मास्तर पळून गेला. आजून गावात दुसरा मास्तर आलेला न्हाई. आमी म्हनलं, लगीन झालं म्हंजी फिटंल. फिटलं आसंल तर बरंच हाय.’

मला पायाखालची फरशी थंड लागली एवढं आठवतं. पांढऱ्या पायाची. हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सासूबाईंनी मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मी ते पाय साडीखाली ओढून घेतले. त्या क्षणी मला अण्णांचा इतका राग आला, इतका राग आला की ताई, पंचमी, सगळं विसरले.

‘मामा,’ हे कसेबसे म्हणाले, ‘हे तुम्ही लग्नाआधी सांगायला हवं होतं.’

‘तवा तुमी तरी चेंडूचं कुटं सांगितलंत?’ अण्णा म्हणाले.

पण सेक्रेटरी आता घड्याळाकडे बघत होता. त्याचा रंग पार उडाला होता. ‘थांबा,’ तो म्हणाला. ‘हे माझं घड्याळ पुढं पळतं. माझ्या पाचाला भोंग्याचे पाच वाजलेले नसतात!’

‘मंजे,’ टर्नर म्हणाला, ‘गोल झाला तवा वहिनी उंबऱ्याच्या भायेरच होत्या.’

‘बाहेर होत्या म्हणून झाला!’

मग जो गलका झाला! ज्या माणसांनी घटकाभरापूर्वी मला खिळे मारून ठेवायचं बाकी ठेवलं होतं, तीच आता मला पिंपरीच्या शिवेबाहेर कशी लवकर काढायची याच्या घाईला लागली. एकानं बैल जुंपले. एकानं बॉयलरचं तेल आणून आसाला घातलं. माझं गाठोडं हातोहात गाडीत गेलं. भोसरीच्या रस्त्याला चढ लागला तिथं चार जणांनी मागून गाडी ढकलली, त्यात आमचे हेही होते. माझ्याकडे बघायचं टाळत, जीव खाऊन ढकलत होते. अण्णांनी विचारलं, ‘जावईबापू, परत कवा आनून घालू?’

हे धापा टाकत म्हणाले, ‘तक्ता बघून कळवतो.’

वाटेत मी अण्णांशी बोलले नाही. मोशीला इंद्रायणी दुथडी भरून चालली होती, ते ‘बघ की, केवढं पानी’ म्हणाले, मी दुसरीकडे बघितलं. भूक लागली का विचारलं, उपास असूनही मी उपास आहे असं सांगितलं नाही. माझ्या जन्मानं गाभण म्हैस मारली हे ह्या माणसानं एवढी वर्षं पोटात ठेवलं, आणि ओकलं ते कुणापुढं, तर चाळीस परक्या पुरुषांपुढं. हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. अण्णा बैलांशी बोलत राहिले.

ताई दारातच उभी होती. मला पाहून तिनं हातातली कळशी टाकली आणि मला कवेत घेतलं. वाळली होती फार. तिची बोलीही बदलली होती, आम्ही तिला चिडवून घेतलं. पंचमीला आम्ही मेंदी लावली, वारुळाला गेलो, एका झोक्यावर दोघी उभ्या राहून पोरींसारखे झोके घेतले. पण म्हशीबद्दल मी तिला विचारलं नाही. विचारायला जीभ उचलायची आणि भीती वाटायची. ती हो म्हणाली असती तर? आईलाही विचारलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक असणार आणि माझ्या तोंडावर कुणी बोलत नसणार, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी सायकल मारत चाकणच्या पुढं आमच्या गावात हजर झाला. अंगावर चिखल, हातात पेढे. बाटल्यांनी बूटवाल्यांना हरवलं होतं! मैदानात गुडघाभर चिखल, त्यात बूट रुतून बसले, आणि आमची अनवाणी पोरं बदकासारखी पळत राहिली. हे कारण मलाही समजलं. पण सेक्रेटरीला ते क्षुल्लक वाटत होतं. तो अण्णांना हात जोडून म्हणाला, ‘वहिनींना अजून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा सामना आहे.’ अण्णांनी त्याच्या सायकलीला कांदे बांधून दिले.

तो हंगाम असा गेला. सामना आला की आदल्या दिवशी हे मला नाशिक रस्त्याला एसटीत बसवून द्यायचे. नवी साडी, वेणी, आईला खाऊ. चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एकीचं माहेर बारामतीला, तिनं आपण जन्मलो तेव्हा घराला आग लागली होती असं सांगायला सुरुवात केली. पण तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. टीम सगळे सामने जिंकली असं नाही. हरली की म्हणायचे, वहिनींची गाडी उशिरा सुटली.

मजा होती, नाही असं नाही. पण मनातून मी मिटून गेले होते. घरात काही नवं आलं की सासूबाई मला स्वयंपाकघरात धाडायच्या. बोलायच्या गोड, पण धाडायच्या. भाद्रपदात चाळीला पहिला नळ आला. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी कळशी घेऊन पुढं झाले तर सासूबाई हलकेच म्हणाल्या, ‘तू जरा मागं थांब गं. पानी यिऊ दे आधी.’ मी मागं थांबले. पाणी आलं, सगळ्यांनी भरलं, आणि मी शेवटी भरलं.

त्याच्या नंतरच्या सामन्याला माहेरी गेले तेव्हा अण्णा विहिरीवर पोहऱ्यानं पाणी काढत होते. मी कळशी पुढं केली. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, ‘बरं चाललंय न्हवं?’ आणि माझा बांध फुटला. मी नळाचं सांगितलं. म्हटलं, ‘अण्णा, तुम्ही मला न्यायला आलात आणि जन्माची पांढऱ्या पायाची करून ठेवलीत.’

त्यांनी दोर हाताला गुंडाळला आणि पोहरा काठावर ठेवला.

‘पानी यिऊ दे म्हनली?’

‘हो.’

‘ही इहीर कवा लागली ठावं हाय का तुला?’ ते खाली पाण्याकडे बघत होते. ‘तीन उन्हाळे खनली. नुसता खडक. तुझी आई आत अडली व्हती, आन् मी घरात बसवंना म्हनून हितं पहार मारत व्हतो. पोर झाली म्हनून तुझी आत्या वरनं वरडली, आन् त्याच घावाला झरा फुटला. मी वर आलो तो भिजूनच आलो. तुझं आन् इहिरीचं बारसं एकाच दिशी केलं आमी. गावाला जेवान घातलं.’

मी विचारलं, ‘मग ती म्हैस?’

‘कोनची म्हस?’ अण्णा म्हणाले. ‘आपल्याकडं म्हस कवा व्हती?’

आमच्याकडे होती एक शेळी, ती गोठा नाही म्हणून ओसरीवर बांधायचो. आणि मी इतके दिवस एका गाभण म्हशीचं पाप डोक्यावर घेऊन हिंडत होते.

‘आन् खरं सांगितलं आसतं,’ ते म्हणाले, ‘इहिरीचं सांगितलं आसतं, तर जल्मात सोडलं आसतं व्हय त्यांनी तुला?’

मी काठावर बसून रडले. खूप रडले. अण्णा पोहरा सोडायचे, भरून काढायचे, माझ्या कळशीत ओतायचे. कळशी भरून वाहायला लागली तरी ओतत राहिले. मग म्हणाले, ‘उंद्या येतो तुझ्यासंगं. तुझ्या सासूला समदं सांगतो. त्या नळाला पयलं पानी तू लावायला पायजे व्हतंस.’

‘सांगा,’ मी पदरानं तोंड पुसलं. ‘पण दसरा झाल्यावर. अजून दोन सामने राहिलेत.’